क्लासचं व्हेरिएबल नक्की कोणाचं? पायथनमधला स्कोपचा घोळ समजून घ्या

पायथनच्या क्लासमध्ये व्हेरिएबल दोन ठिकाणी ठेवता येतं. एक, थेट क्लासच्या आत. दुसरं, इनिट मेथडमध्ये सेल्फ लावून. पहिलं सगळ्या ऑब्जेक्टचं सामाईक, दुसरं ज्याचं त्याचं. इथपर्यंत सोपं आहे. घोळ होतो तो व्हॅल्यू बदलताना.

समजा, बँकेच्या ॲपसाठी आपण ‘खाते’ हा क्लास लिहिला आणि त्यात व्याजदर ३ ठेवला. मग ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन खाती तयार केली. ‘अ’चा व्याजदर विचारला की पायथन आधी त्या ऑब्जेक्टमध्ये शोधतो. तिथे नसेल तर क्लासमध्ये, तिथेही नसेल तर पॅरेंट क्लासमध्ये. म्हणून दोघांचंही उत्तर ३ येतं.

आता अ.व्याजदर = ४ असं लिहिलं तर? क्लासमधला ३ तसाच राहतो. फक्त ‘अ’मध्ये त्याच नावाचं नवीन व्हेरिएबल तयार होतं. एररही येत नाही. थोडक्यात, वाचताना पायथन वरपर्यंत शोधत जातो, पण लिहितो मात्र तुम्ही ज्याचं नाव घेतलं तिथेच. जावामध्ये असं होत नाही. तिथे स्टॅटिक व्हेरिएबल ऑब्जेक्टमार्फत बदललं तरी सगळ्यांसाठीच बदलतं.

लिस्टच्या बाबतीत गोष्ट जास्त गंभीर होते. ‘व्यवहार’ नावाची रिकामी लिस्ट क्लासमध्येच ठेवली आणि ‘अ’च्या नावाने त्यात अपेंड केलं, तर नवीन लिस्ट तयार होत नाही. क्लासमधली सामाईक लिस्टच वाढते. म्हणजे एकाचे व्यवहार दुसऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये! त्यामुळे अशी लिस्ट नेहमी इनिटमध्ये, सेल्फ लावूनच बनवा.

मग सगळ्यांचा दर बदलायचा कसा? त्यासाठी क्लासमेथड वापरा. तिला सेल्फऐवजी सीएलएस, म्हणजे क्लासच मिळतो. दर बदलायची एकच जागा राहते, आणि तिथेच ‘दर शून्यापेक्षा कमी नको’ अशी तपासणीही करता येते. पण एक लक्षात ठेवा. ‘खाते’पासून ‘बचतखाते’ हा चाइल्ड क्लास बनवला आणि मेथड त्याच्या नावाने कॉल केली, तर सीएलएस म्हणजे ‘बचतखाते’. नवीन दर फक्त तिथेच लागतो. सगळीकडे लागू करायचा असेल तर मेथडमध्ये सीएलएसऐवजी ‘खाते’ हेच नाव लिहा. ‘अ’सारखा ज्याने स्वतःचा दर धरून ठेवलाय, तो मात्र तरीही जुनाच दाखवेल.

मोबाइलवर पायथन चालवणारं कुठलंही ॲप उघडा आणि हे करून बघा. प्रत्येक बदलानंतर व्हार्स फंक्शनने ‘अ’मध्ये काय काय आहे ते प्रिंट करा. व्हेरिएबल कोणाचं आहे, ते लगेच दिसेल.