कामाचं इंग्रजी (भाग १२) : पटत नाही, हे कसं सांगायचं?

मीटिंगमध्ये दुसऱ्याचं बोलणं न तोडता आपलं म्हणणं कसं सुरू करायचं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता समजा, बोलायची संधी मिळाली, स्क्रीनवरचे सगळे चेहरे आपल्याकडे वळले आणि आपल्याला सांगायचंय की तुमचा हा बेत काही खरा नाही. फाडफाड इंग्रजी बोलणारी माणसंही इथे अडखळतात. हिंजवडी असो की चाकण, मीटिंगमध्ये गप्प बसलेला माणूसच नंतर टपरीवर चहा घेताना अख्ख्या प्लॅनची चिरफाड करतो आणि ती बहुतेकदा बिनचूक असते. मराठीत त्याच्याकडे ‘तसं नाही हो’, ‘तुमचंही बरोबरच आहे, पण’, ‘बघा बुवा, मला आपलं वाटतं’ अशी भरपूर सामग्री असते. इंग्रजीत हाताशी उरतात दोनच वाक्यं, ‘यू आर राँग’ आणि ‘ओके सर’.

त्यात आपल्या काही सवयी नकळत टोचतात. ‘तुम्हाला ड्रॉइंग पाठवावं लागेल’ हे मराठीत अगदी साधं वाक्य. त्याचं सरळ ‘यू हॅव टु सेंड द ड्रॉइंग’ केलं की क्लायंटला तो हुकूम वाटतो. ‘वी विल नीड द ड्रॉइंग बाय थर्सडे’ म्हटलं की काम तेच होतं आणि कोणी दुखावत नाही. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणताना आपल्याला फक्त काहीतरी विचारायचं असतं, पण लंडनच्या किंवा डॅलसच्या माणसाला वाटतं, याचा आपल्यावर विश्वास नाही. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ पुरतं. सगळ्यात महागात पडतं ते आपलं ‘येस, येस’. आपण ते ‘हं, हं, ऐकतोय’ अशा अर्थाने म्हणतो आणि पलीकडचा माणूस वहीत लिहितो की पुण्याची टीम तयार आहे. नुसतं ऐकत असाल तर ‘आय सी’ म्हणा. ‘येस’ खऱ्या होकारासाठी राखून ठेवा.

आता एक प्रसंग घेऊ. क्लायंटला नवं ॲप शुक्रवारी बाजारात आणायचंय. तुम्ही खराडीत टेस्टिंग सांभाळता आणि पैसे भरण्याचा भाग अजून पुरता तपासून झालेला नाही. तोंडावर येतं, ‘फ्रायडे इज नॉट पॉसिबल’. हे खरं असलं तरी त्यामुळे दार बंद होतं. आधी त्यांना शुक्रवारच का हवाय ते काढून घ्या. नुसतं ‘व्हाय फ्रायडे?’ विचारलं तर जाब विचारल्यासारखं होतं. ‘व्हॉट इज ड्रायव्हिंग द फ्रायडे डेट?’ असं विचारलं की माणूस कारण सांगायला लागतो. कळतं, की शनिवारपासून त्यांचा सेल सुरू होतोय. हार्वर्डचे रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली ‘गेटिंग टु येस’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. माणूस जी मागणी धरून बसतो तिच्यामागची गरज वेगळी असते, आणि तडजोड गरजेत सापडते. इथे मागणी शुक्रवारची आहे, गरज सेलला गिऱ्हाईक मिळण्याची. मग तुमचं वाक्य असं होतं : ‘माय कन्सर्न इज द पेमेंट पार्ट. वी हॅव नॉट फिनिश्ड टेस्टिंग इट. कुड वी रिलीज द कॅटलॉग ऑन फ्रायडे, टेक ऑर्डर्स विथ कॅश ऑन डिलिव्हरी, अँड ॲड ऑनलाइन पेमेंट ऑन ट्यूजडे?’ या तीन वाक्यांत ‘यू’ कुठेच नाही. अडचण नेमकी आहे आणि तिच्या पाठोपाठ पर्याय आलाय. पर्याय नसेल तर निदान ‘व्हॉट वुड हॅव टु चेंज फॉर धिस टु वर्क?’ असं विचारून चेंडू टेबलावर ठेवता येतो.

‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ हे मात्र टाळाच. पुस्तकांत ते नम्र म्हणून शिकवतात, पण इंग्रज माणूस ते ऐकलं की पुढचा टोला झेलायला तयार होतो.

इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये इथवरचं शिकवतात आणि थांबतात. सगळा भर मऊपणावर. ‘परहॅप्स’, ‘मेबी’, ‘आय वंडर इफ’ लावत गेलं की झालं. मला ही अर्धीच शिकवण वाटते आणि धोक्याचीही. कारण दुसऱ्याच्या भाषेत मऊ बोलता बोलता मुद्दाच विरघळून जातो. २५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं एव्हियांका कंपनीचं विमान खराब हवेमुळे तासाभराहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं होतं. कॉकपिटमध्ये बोलणं स्पॅनिशमध्ये, कंट्रोलरशी इंग्रजीत. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कंट्रोलरने आणखी एक लांबचा फेरा सांगितला आणि विचारलं, तुमच्या इंधनाच्या दृष्टीने हे चालेल ना? सहवैमानिकाचं उत्तर होतं, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच’. ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याने शेवटपर्यंत उच्चारला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं आणि ७३ माणसं गेली.

विमान कंपन्यांनी आणि पुढे अमेरिकेतल्या इस्पितळांनी यावर एक सोपी शिडी वापरात आणली. पहिल्यांदा ‘आय ॲम कन्सर्न्ड’. ऐकलं नाही तर ‘आय ॲम अनकम्फर्टेबल’. तरीही नाही तर ‘धिस इज अ सेफ्टी इश्यू’, आणि हे वाक्य कानावर पडलं की बाकीच्यांनी हातातलं काम थांबवायचं. आवाज चढवायचा नाही, शब्द चढवायचे. नर्सला सर्जनसमोर, सहवैमानिकाला कॅप्टनसमोर हे म्हणता यावं यासाठी ते अगोदर ठरवून, पाठ करून ठेवलेलं असतं. ऑफिसात शेवटच्या पायरीवर ‘आय कॅनॉट साइन ऑफ ऑन धिस’ येतं. ते रोज वापरायचं नसतं. वर्षातून एकदा वापराल तर त्याला वजन राहील.

अध्यक्षस्थानी तुम्ही असाल तर तुमची जबाबदारी वेगळी. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. नासाचे अधिकारी आणि रॉकेट बनवणारी मॉर्टन थायोकॉल कंपनी यांची तीन ठिकाणांहून फोनवर मीटिंग चालली होती. रॉजर बॉइसजॉली आणि त्याच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की उद्या सकाळी कडाक्याची थंडी असेल, रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी दगा देतील, चॅलेंजर उडवू नका. नासाने नाराजी दाखवली. कंपनीने फोन बंद करून आपसात चर्चा केली. तिथे एका अभियंत्याला इंजिनिअरची टोपी उतरवून मॅनेजरची टोपी घालायला सांगितलं गेलं. फोन पुन्हा जोडला तेव्हा कंपनीने होकार दिला. मग नासाकडून विचारणा झाली, कोणाचा काही आक्षेप आहे का? कोणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले.

म्हणून ‘एनी ऑब्जेक्शन्स?’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. शांतता हेच त्याचं नेहमीचं उत्तर असतं. त्याऐवजी नाव घेऊन विचारा : ‘मीरा, यू नो धिस मॉड्यूल बेस्ट. व्हॉट कुड गो राँग?’ आता गप्प बसणंच अवघड होतं. आणि वयाने, हुद्द्याने सगळ्यात लहान माणसाला आधी बोलू द्या. साहेबांनी मत दिल्यावर आपल्याकडे कोण तोंड उघडणार?

एवढं करूनही निर्णय आपल्या विरुद्ध जाईलच कधीतरी. ॲमेझॉन कंपनीने आपल्या कामकाजाच्या तत्त्वांमध्ये ‘डिसॲग्री अँड कमिट’ असं लिहूनच ठेवलंय. विरोध असेल तर मीटिंगमध्ये स्पष्ट बोला, ठरल्यावर मात्र हात राखून काम करू नका. कल्पना चांगली आहे, पण वरिष्ठ कधीकधी तिचा उपयोग फक्त तोंड बंद करायला करतात. तेव्हा कमिट करताना एक खुंटी मारून ठेवावी : ‘आय स्टिल सी द रिस्क, बट आय विल सपोर्ट द डिसिजन. कॅन वी पुट द रिस्क इन द मिनिट्स अँड रिव्ह्यू इट ऑन मंडे?’ यातला ‘मंडे’ सोडू नका. तारखेशिवाय रिव्ह्यू कधी होत नाही.

मिनिट्स लिहायचं काम बहुधा सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं आणि तो मतभेद हळूच गाळतो. ते कसे लिहायचे, ‘इट वॉज डिसकस्ड’च्या पलीकडे जाऊन, ते पुढच्या आठवड्यात.