फ्लशच्या टाकीची न दिसणारी गळती : निदान अचूक, तर दुरुस्ती घरच्या घरी

रात्री घर निजले की न्हाणीघराच्या बाजूने बारीक सरसर ऐकू येते. उठून नळ तपासले, तर ते घट्ट बंद असतात. पाणी झिरपत असते ते शौचालयाच्या फ्लशच्या टाकीतून. ते फरशीवर सांडत नाही. कमोडच्या आतल्या कडेवरून ओघळत थेट सेप्टिक टँककडे जाते. डोळ्यांना न दिसल्यामुळेच ही गळती महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहते.

तिचा हिशेब मात्र लहान नाही. मिनिटाला अवघे १०० मिलिलिटर पाणी गेले, तरी दिवसाला १४४ लिटर आणि महिन्याला चार हजार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी केंद्रीय निकष माणशी दिवसाला १३५ लिटरांचा आहे. म्हणजे घरात नसलेल्या एका माणसाचे पाणी रोज खर्ची पडते. गच्चीवरील हजार लिटरची टाकी एवढ्याशा धारेने आठवड्याभरात रिकामी होऊ शकते. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीहून येणारे शुद्ध केलेले पाणी मीटरमधून मोजून घ्यायचे आणि न वापरताच सोडून द्यायचे, असा हा व्यवहार आहे. उन्हाळ्यात नळ काही तासच येतो आणि टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा तो अधिकच महाग पडतो. शिवाय सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर विनाकारण भार येतो, तो वेगळाच.

आधी निदान

गळती दिसली की सगळे सामान बदलण्याची घाई होते. वास्तविक बिघाड बहुधा दोनच ठिकाणी असतो : पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये किंवा तळाच्या रबरी वॉशरमध्ये. दोन बटणांच्या टाकीवरील झाकण काढताना ते बटणाच्या जोडणीने अडकलेले नाही, हे पाहावे. ओढाताण करू नये.

आत एक उभी, वरून उघडी नळी दिसते. ती ओव्हरफ्लोची. पाणी तिच्या तोंडापर्यंत येऊन आत पडत असेल, तर दोष पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हचा. पातळी त्याहून खाली असेल, तर टाकीत निळीचे किंवा खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये. त्या वेळात भांड्यात रंग उतरला, तर वॉशर गळतो आहे, हे निश्चित समजावे.

पाणी वर चढत असेल तर

पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हला जोडलेला तरंगता भाग, म्हणजे फ्लोट, हाताने हलकेच वर उचलावा. पाणी थांबले, तर केवळ पातळी चुकली आहे. फ्लोटचा स्क्रू किंवा क्लिप सरकवून पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली साधारण अडीच सेंटिमीटरवर थांबेल असे करावे. जुन्या पद्धतीच्या गोळ्यात पाणी शिरून तो जड झाला असेल, तर गोळाच बदलावा. फ्लोट उचलूनही पाणी थांबत नसेल, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा आतला वॉशर झिजला आहे.

तळाचा वॉशर गळत असेल तर

भिंतीलगतचा अँगल कॉक बंद करून फ्लश करावा आणि टाकी रिकामी होऊ द्यावी. मधला उभा व्हॉल्व्ह बहुतेक टाक्यांत डावीकडे थोडा फिरवला की सुटून वर येतो. त्याच्या बुडाशी रबरी कडे असते. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातील क्षार आणि लोह यांचा थर त्यावर बसतो. मग ते नीट टेकत नाही. कडे काढून धुवावे. क्षार जात नसतील, तर व्हॉल्व्हचा प्लास्टिकचा भाग थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवावा. ज्या जागी ते टेकते, ती जागा मऊ फडक्याने पुसावी, खरवडू नये. रबर कडक झाले असेल, फुगले असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर नवे आणावे. हार्डवेअरच्या दुकानात जुने कडे सोबत न्यावे, कारण आकार कंपनीगणिक वेगळा असतो. टाकीत टाकायच्या क्लोरीनयुक्त वड्यांमुळे रबर लवकर खराब होते, हेही लक्षात ठेवावे.

बाहेरून थेंब पडत असतील तर

अँगल कॉक आणि टाकी यांना जोडणाऱ्या पाइपच्या दोन्ही टोकांना कोरडा कागद लावून पाहावा. जेथे तो भिजेल, तेथे दोष. नट हाताने आवळून पान्याने किंचितच फिरवावा. जास्त जोर दिल्यास सिरॅमिकला तडा जातो. तरीही थेंब थांबला नाही, तर पाणी बंद करून नटच्या आतला वॉशर बदलावा.

येथे थांबावे

अँगल कॉक गंजून अडकला असेल, तर त्याच्याशी झटू नये. तो तुटला, तर घरभर पाणी होते. कमोडच्या बुडाशी ओल येणे, दुर्गंधी सुटणे, टाकीला तडा जाणे किंवा खालच्या सदनिकेच्या छतावर डाग उमटणे ही कामे प्लंबरचीच आहेत. भिंतीत बसवलेल्या टाकीसाठीही जाणकार माणूस बोलवावा.

काम झाल्यावर अँगल कॉक हळूहळू उघडावा, टाकी भरू द्यावी आणि रंगाची चाचणी पुन्हा करावी. भांडे अर्ध्या तासानंतरही स्वच्छ राहिले, तर काम फत्ते. फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या तोंडावर, ही चाचणी एकदा केली, तर मे महिन्यात तरी आपल्याच घरातील पाणी नकळत वाहून जाणार नाही.