धवलारणीचा आवाज कोण जपणार?

आगरी समाजाच्या लग्नात धवलारणीला पुरोहिताइतकाच मान असतो. विधी पुढे सरकतो तो तिच्या धवल्याच्या सोबतीने. तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांमुळे मराठीच्या अध्यापकांना हा शब्द परिचित आहे. परंतु पनवेल-उरणच्या गावांत धवला पोथीत नव्हे, तर वृद्ध स्त्रियांच्या कंठात राहिला आहे. त्या गावांचेच रूप आता पालटले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी शेतजमिनी गेल्या. पुढे विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, उलवे यांसह दहा वस्त्या उठल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. गेलेल्या जमिनीची नोंद सरकारी दप्तरात आहे. गाण्यांची नोंद कोणत्या दप्तरात शोधावयाची?

यावर कॅसेटींकडे बोट दाखविले जाते. कोळीगीतांच्या कॅसेटींनी किनाऱ्याचे गाणे घरोघर नेले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु बाजारासाठी मुद्रित होणारे गाणे वाद्यमेळाच्या ठेक्यावर बसवावे लागते, मोजक्या मिनिटांत आटोपावे लागते. मूळ विधी, गाणारीचे थबकणे, मागून सूर झेलणाऱ्या बायका, हे सारे त्यात गळून पडते.

दुसरा मार्ग महाराष्ट्रातच चोखाळला गेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी अनेकींचे प्रत्यक्ष गावोगाव ध्वनिमुद्रण झाले. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले, हे त्या कार्याचे मर्म होय. पॉइत्व्हाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या; तरीही २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहाद्वारे त्या ओव्या लोकांपर्यंत पोहोचत आहेत. गिरणीने जाते थांबविले, तरी ओवी उरली, कारण कोणीतरी वेळेवर दारात जाऊन बसले.

धवल्यासाठी असे कोण बसणार? ध्वनिमुद्रणाचे साधन आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. उणीव आहे ती शिस्तीची. गाणारीची संमती घ्यावी, तिचे नाव, गाव व प्रसंग लिहून ठेवावा, एक प्रत तिच्या घरी द्यावी आणि दुसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपावी. संकलने, अल्बम नंतरही निघतील. धवलारीण मात्र थांबणार नाही.