खांदा हाडांवर नाही, चार स्नायूंवर टिकतो

मोर्शी-वरूड भागात संत्र्याचा तोडा म्हणजे शिडीवर उभं राहून दिवसभर हात डोक्याच्या वर, अन् मग भरलेले कॅरेट उचलणं. त्यात कोणी घसरून हातावर पडला, की आठ दिवस मालिश करून पुन्हा कामाला लागतो. महिन्यानं सांगतो, हात वरच जात नाही. आत काय तुटतं, ते आम्ही इथं सांगत आहोत.

बशीवर संत्रं ठेवून पाहा. बशी म्हणजे पाठीकडच्या चपट्या हाडाची उथळ खोबण, संत्रं म्हणजे दंडाच्या हाडाचं गोल टोक. खुब्यातला गोळा खोल वाटीत बसतो, हा नाही. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच सहज निखळतो. गोळा बशीवर दाबून धरतात चार लहान स्नायूंचे पट्टे: एक वरून, एक पुढून, दोन मागून. हाच रोटेटर कफ.

हात उचलताना खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू हाड वर ओढतो. कफ शाबूत असेल तर गोळा जागेवरच फिरतो. बराच फाटला असेल तर वर सरकून वरच्या हाडाला घासतो. फक्त वरचा पट्टा थोडा फाटला, तर तंबूच्या दोऱ्यांसारखे पुढचे-मागचे पट्टे तोल सांभाळतात, काहींना दुखतही नाही. फाट पुढे-मागे पसरली की मात्र हात खांद्याइतकाही उचलत नाही.

विशीत खांदा निखळला तर बहुधा बशीची कड फाटते आणि तो परत परत निखळतो. चाळिशीनंतर पट्टे झिजलेले असतात, तेव्हा कफच फाटण्याची शक्यता मोठी. खांदा बसवला म्हणून तपासणी टाळू नये.

वुजूत मसह करताना दुसऱ्या हातानं कोपर उचलावं लागतं का? आधारानं हात वर जातो पण स्वतःहून जात नाही, तर फाटीचा संशय घ्यावा. आधारानंही जात नसेल तर खांदा गोठलेला असू शकतो. शुगरवाल्यांत तो जास्त दिसतो. साध्या एक्स-रेत पट्टा दिसत नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

झिजून झालेली फाट पुष्कळदा व्यायामानं सांभाळता येते. पडून झालेल्या मोठ्या फाटीला मात्र थांबून चालत नाही: पट्टा आखडतो, स्नायूत चरबी भरते, मग टाके धरत नाहीत. त्यानंतर उरतो तो फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी १९८५ च्या सुमारास काढलेला उलटा सांधा, गोळ्याच्या जागी बशी आणि बशीच्या जागी गोळा. म्हाताऱ्या माणसाचा हात त्यानं वर जातो, पण कॅरेट उचलायला तो सांधा नाही.