जेऊरचा सूर्य जेऊरलाच मावळतो

रमजान सुरू झाला की घराघरांत भिंतीवर एक कागद लागतो. त्यावर तीस ओळी आणि प्रत्येक ओळीत दोन वेळा असतात. एक सहरी संपण्याची, दुसरी इफ्तारची. पहाटेची पहिली उजेडाची रेघ उमटण्याआधी खाणेपिणे थांबवायचे आणि सूर्य मावळताच रोजा सोडायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण हा कागद कोणत्या गावाचा आहे, हे पाहायचे बहुधा राहून जाते.

करमाळा तालुक्यातील जेऊर हे रेल्वेमार्गावरचे बाजाराचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण सोलापूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आग्नेयेला. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. आपल्या भागात पूर्वेकडे सव्वीस-सत्तावीस किलोमीटर सरकले की सूर्य साधारण एक मिनिट आधी मावळतो. म्हणूनच सोलापुरात सूर्य बुडतो, तेव्हा जेऊरला तो अजून क्षितिजावर असतो. हा फरक सुमारे तीन मिनिटांचा. मुंबई पश्चिमेला असल्याने तिथे मात्र जेऊरनंतर सुमारे नऊ मिनिटांनी सूर्यास्त होतो.

तीन मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. रोजेदारासाठी ती किरकोळ नाहीत. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता राहिलेल्या माणसाने सूर्यास्तापूर्वी एक मिनिट जरी खजूर तोंडात टाकला, तरी तो रोजा पूर्ण होत नाही. रमजाननंतर त्याच्या बदल्यात एक रोजा ठेवावा लागतो. सोलापूरचा कागद जेऊरला सहरीसाठी चालतो, कारण सोलापूरची पहाट आधी होते. इफ्तारला मात्र तीन मिनिटे थांबावे लागते. मुंबईच्या कागदाचे नेमके उलटे. त्यावर इफ्तार केली तर उशीर होतो, पण रोजा शाबूत राहतो. सहरी त्यावर केली तर जेऊरला पहाट उगवून गेलेली असते आणि घास हातातच असतो.

घड्याळ आणि सूर्य यांच्यातला हा दुरावा जुना आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८५८ ते १८६० या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. तोवर गावाची वेळ म्हणजे गावावरच्या सूर्याची वेळ. पुढे रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावू लागल्या. ती जेऊरच्या सूर्यापेक्षा वीस मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे जेऊरच्या पुष्कळ पूर्वेकडची. त्यामुळे आजही जेऊरच्या सूर्याची वेळ मनगटावरच्या घड्याळाच्या सरासरी अर्धा तास मागे असते. गाडीला प्रमाणवेळ लागते. रोजा मात्र गावाच्या सूर्यावरच सुटतो.

फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत जेऊरचा सूर्यास्त साडेसहा ते सहा चाळीसच्या दरम्यान असतो. पश्चिमेला उजनीचे पाणी पसरले आहे, त्या अंगाला बिंब उतरते. ते पूर्ण बुडाले की मगरिबची अजान होते. याच वेळी पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावे. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढताना दिसतो, त्याच्यावर फिकट गुलाबी कडा असते. ही पृथ्वीची स्वतःचीच सावली. पश्चिमेला दिवस गेला आणि पूर्वेकडून रात्र आली की रोजा सोडावा, अशी खूण हदीसमध्ये सांगितली आहे, ती डोळ्यांनी पाहता येते.

खजूर, पाणी, फळे असा रोजा सुटतो. करमाळ्याची केळी ताटात असतातच. नमाज होते. तोवर संधिप्रकाशाची वीस-बावीस मिनिटे संपत येतात आणि दिव्याशिवाय वाचता येत नाही. पूर्ण काळोख व्हायला सूर्यास्तापासून सुमारे सव्वा तास लागतो, कारण सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश जावा लागतो. त्यानंतर इशाची नमाज आणि तरावीह. इथेही एक बारकावा आहे. मावळतीची लाली गेली की इशाची वेळ झाली, असे शाफई पंथ मानतो. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. देशावर हनफी अधिक. इमाम अबू हनीफा यांच्या मते लालीनंतरचा पांढुरका उजेडही जायला हवा.

सूर्यास्ताकडे डोळे लावणारे रोजेदार एकटे नाहीत. रात्रीभोजन वर्ज्य मानणारी जैन घरे सूर्यास्तापूर्वी ताटावरून उठतात. जिथे त्यांचे जेवण संपते, तिथे रोजेदारांचे सुरू होते. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो आणि चंद्रोदयाची वेळही गावागावांत वेगळी असते. पौर्णिमेनंतरची ही चतुर्थी चांद्रमासात येते, म्हणून रमजानच्या उत्तरार्धाच्या सुरुवातीला, अठराव्या रोजाच्या मागेपुढे, ती हमखास पडते. त्या दिवशी एकाच आळीत एका घरी सूर्याची वाट पाहतात, दुसऱ्या घरी चंद्राची. आणि तिन्हीसांजेला अंगणातल्या लेकरांना घरात बोलावण्याची रीत तर दोन्ही घरांत एकच. एका घरी दिवेलागण म्हणून, दुसऱ्या घरी मगरिब झाली म्हणून.

चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. जेऊरला रोजा कधी साडेबारा तासांचा होतो, तर कधी साडेचौदा तासांचा. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि तिथला रोजा अठरा तासांवर जातो. त्या मानाने आपल्याकडचा सूर्य मवाळ आहे.

भिंतीवरचा कागद एकदा नीट पाहावा. वर सोलापूर लिहिले असेल, तर जेऊरकरांनी इफ्तारला तीन मिनिटे धीर धरावा. मुंबई लिहिले असेल, तर सहरीचा शेवटचा घास दहा मिनिटे आधी घ्यावा.