सुवाहक, दुर्वाहक आणि ओली काठी



गेल्या पावसाळ्यात एका शाळेस भेट देण्याचा योग आला, तेव्हा सहावीच्या वर्गात विजेचा पाठ चालू होता. दोन सेल, तारेचे तुकडे आणि प्रयोगपेटीतील टॉर्चचा छोटा दिवा एवढ्याच साहित्यावर गुरुजींनी पाठ उत्तम रंगविला होता. खिळा, चमचा, खडू, खोडरबर अशा वस्तू एकामागून एक जोडून मुले फळ्यावर सुवाहक व दुर्वाहक असे दोन रकाने भरीत होती. इतक्यात एका चुणचुणीत मुलाने बाहेर पावसात भिजत पडलेली काठी आणली. ती जोडली, दिवा लागला नाही. मुलाने दुर्वाहकांच्या रकान्यात ‘ओली काठी’ असे लिहिले आणि गुरुजींनी त्यास बरोबर म्हटले.

प्रयोग खरा होता, निरीक्षणही खरे होते. निष्कर्ष मात्र असा होता की, त्यावर विसंबून त्या मुलाने उद्या रस्त्यावर तुटून पडलेली विजेची तार त्याच काठीने बाजूस सारली, तर त्याच्या जिवावर बेतावे. तास संपल्यावर गुरुजींनी मला विचारले, “साहेब, दिवा लागला नाही हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग मी त्यांस काय सांगावयास हवे होते?” हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यावयाचे तर पदार्थांतून वीज वाहते म्हणजे नेमके काय होते, येथपासून प्रारंभ केला पाहिजे.

दोन रकाने कोठून आले?

सुवाहक व दुर्वाहक हा भेद प्रथम स्पष्टपणे दाखविला तो इंग्लंडमधील स्टीफन ग्रे याने, १७२९ साली. घासलेल्या काचेच्या नळीवरील वीज तागाच्या लांब दोरीवरून किती दूर जाते, हे तो पाहत होता. दोरी आडवी टांगण्यासाठी त्याने बारीक रेशमी धागे वापरले होते. ते तुटले, म्हणून त्याने तितकीच बारीक पितळी तार घेतली. तो काय, वीज दोरीच्या दुसऱ्या टोकास पोहोचेनाच! ती पितळेवाटे निसटून जात होती. महत्त्व धाग्याच्या जाडीस नसून तो कशाचा आहे यास आहे, हे त्यावरून कळून आले. असे का, हे कळण्यास मात्र पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला, तेव्हा कोठे उत्तराची वाट मोकळी झाली.

‘मुक्त इलेक्ट्रॉन’ म्हणजे काय?

“धातूत मुक्त इलेक्ट्रॉन असतात, लाकडात ते नसतात,” हे वाक्य आपण सर्वच वर्गात सांगतो. ते चूक नाही. पण मुले त्याचा अर्थ ‘लाकडात इलेक्ट्रॉनच नसतात’ असा घेतात, आणि तो मात्र साफ चूक आहे. लाकूड, काच, रबर यांच्या प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन आहेतच. फरक आहे तो त्यांच्या मोकळेपणात.

तांब्याचे अणू एकमेकांच्या निकट ओळीने मांडले गेले की, प्रत्येक अणूचा सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन आपल्या अणूचा राहत नाही. तो साऱ्या तुकड्याचा होतो. एका घन सेंटिमीटर तांब्यात असे सुमारे ८५ वर २१ शून्ये इतके इलेक्ट्रॉन असतात. तारेस सेल जोडलेला नसतानाही ते सर्व दिशांनी अतिशय वेगाने धावत असतात. सेल जोडला की त्या धावपळीत सर्वांची एकाच दिशेने अल्पशी सरक होते, हाच विद्युत्प्रवाह. ही सरक फार मंद असते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असता इलेक्ट्रॉन तासाभरात वीतभर किंवा थोडे अधिक पुढे जातात. तरीही दिवा तत्काळ लागतो, कारण पाण्याने भरलेल्या नळीप्रमाणे साऱ्या तारेतील इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच सरकू लागतात.

केवळ संख्या पुरत नाही

येथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील की, ज्यात मुक्त इलेक्ट्रॉन अधिक, तो धातू अधिक सुवाहक काय? तसे असते तर ॲल्युमिनियमने तांब्यास मागे टाकले असते. ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि समान घनफळात त्याचे मुक्त इलेक्ट्रॉन तांब्याच्या दुपटीहून थोडे अधिकच भरतात. प्रत्यक्षात तांब्याची वाहकता १०० धरली, तर चांदीची सुमारे १०५, सोन्याची ७०, ॲल्युमिनियमची ६०, लोखंडाची १७ आणि विजेच्या शेगडीतील नायक्रोमच्या तारेची अवघी दीड येते.

याचे कारण वाटेतील अडथळ्यांत आहे. हे अडथळे म्हणजे अणू होत, अशी पूर्वी समजूत होती. १९२८ साली फेलिक्स ब्लॉख यांनी दाखवून दिले की, अणूंची मांडणी पूर्णपणे शिस्तबद्ध असेल, तर इलेक्ट्रॉन त्यांच्यामधून तरंगासारखा अडखळल्यावाचून निघून जातो. तांब्यात तो शंभराहून अधिक अणू ओलांडून मग कोठे एकदा विचलित होतो. त्यास अडविते ती शिस्तीतील बिघाड. उष्णतेने अणू थरथरतात, हा एक बिघाड. परके अणू मिसळतात, हा दुसरा. ॲल्युमिनियममध्ये अणूंच्या थरथरीशी इलेक्ट्रॉनांची गाठ अधिक पडते, म्हणून संख्या दुप्पट असूनही ते मागे राहते. नायक्रोममध्ये निकेल व क्रोमियम यांचे अणू कसेही मिसळलेले असतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन पावलोपावली अडखळतात, त्यांची ऊर्जा अणूंस मिळते आणि तार लाल होते.

मग खांबांवर तारा ॲल्युमिनियमच्या का? ॲल्युमिनियम वजनास हलके असते. तांब्याइतकेच काम करणारी त्याची तार जाड असली, तरी वजनात निम्मीच भरते.

भरलेली पंगत

आता दुर्वाहकांकडे वळू. समजा, वाड्यात पंगत बसली आहे आणि एकही पाट रिकामा नाही. यजमानाने “सर्वांनी थोडे उजवीकडे सरा” असे कितीही सांगितले, तरी कोणासही सरकता येणार नाही. वर माडीवर पाट मांडलेले आहेत, परंतु तेथे माणूस नाही; आणि जिना इतका उंच की, कोणी तो चढू शकत नाही. दुर्वाहकातील इलेक्ट्रॉनांची स्थिती अशी असते. ए. एच. विल्सन यांनी १९३१ साली हा विचार व्यवस्थित मांडला. धातूत मात्र पंगतीतील पुष्कळ पाट रिकामे असतात. म्हणून सरकण्यास वाव मिळतो.

हिऱ्यात हा जिना सुमारे साडेपाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच असतो, सिलिकॉनमध्ये सुमारे १.१. खोलीतील उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा सरासरीने एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा चाळिसावा भाग इतकीच असते. त्यामुळे हिऱ्यात कोणी माडीवर जात नाही. सिलिकॉनमध्ये लाखो कोटींत एखादा जातो, आणि तापविल्यास अधिक जातात. म्हणूनच तापविल्याने तांब्याची वाहकता घटते, तर शुद्ध सिलिकॉनची वाढते. असे पदार्थ अर्धवाहक होत.

पेन्सिलीचे शिसे येथे दाखविण्याजोगे आहे. त्यात शिसे नसून ग्राफाइट, म्हणजे कार्बन, असते. हिराही कार्बनच. परंतु हिऱ्यात प्रत्येक अणूचे चारही बाह्य इलेक्ट्रॉन बंधनात गुंतलेले, तर ग्राफाइटमध्ये चौथा थरभर मोकळा. म्हणून एक दुर्वाहक, तर दुसरा वाहक.

ओल्या काठीचे रहस्य

ओल्या काठीचे लाकूड बदललेले नसते; बदल पाण्याने घडविलेला असतो. पावसाच्या वा विहिरीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांचे आयन म्हणजे विद्युत्भारित कण पाण्यातून सरकू शकतात. येथे वीज वाहणारे इलेक्ट्रॉन नसून आयन होत. मानवी शरीरातूनही वीज जाते ती याच प्रकारे.

मग दिवा का लागला नाही? टॉर्चच्या दिव्यास पेटण्यासाठी साधारणतः ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. त्याहून फारच कमी प्रवाह काठीतून गेला, म्हणून तो विझलेलाच राहिला. परंतु माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअर गेले तरी ते प्राणघातक ठरू शकतात. घरातील आरसीसीबी हे गळतीरक्षक उपकरण बहुधा याच मर्यादेवर वीज तोडते. शिवाय वर्गात आपण तीन व्होल्ट वापरतो. घरातील वीज २३० व्होल्टची, म्हणजे पाऊणशे पट, आणि गावाबाहेरील मोठी वाहिनी ११,००० व्होल्टची. दाब वाढेल त्या प्रमाणात तीच काठी अधिक प्रवाह वाहून नेते. खांबावरील चिनी मातीच्या चिमण्यांना झालरीसारख्या कडा असतात, त्या याच कारणासाठी: पावसातही त्यांची खालची बाजू कोरडी राहावी व भिजलेल्या पृष्ठभागावरून वीज वाहू नये.

पाठ घेताना

१. फळ्यावर दोन रकान्यांऐवजी शिडी काढावी. वर चांदी-तांबे, खाली लोखंड, नायक्रोम, ग्राफाइट, त्याखाली खारे पाणी, ओले लाकूड, आणि तळाशी कोरडे लाकूड, काच, रबर.

२. टॉर्चचा दिवा व दोन सेल घेऊन मिठाच्या पाण्यात दोन खिळे एकमेकांस न लावता जवळ धरावे. दिवा लागत नाही. मग दिव्याऐवजी लाल एलईडी, त्याच्या जोडीस २२० ओहमचा रोधक आणि चार सेल घ्यावे, एलईडी उजळतो. रोधक रेडिओ-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. ‘दिवा लागला नाही’ आणि ‘वीज गेली नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे मुलांस येथे आपोआप उमगते.

३. प्रयोग केवळ सेलवरच करावेत. भिंतीवरील सॉकेटास कोणतीही वस्तू जोडू नये, हे दर पाठात सांगावे.

४. तार तुटून पडलेली दिसल्यास तिच्याजवळ जाऊ नये. काठीने, मग ती कोरडी का असेना, तिला स्पर्श करू नये. जवळची ओली जमीनही धोक्याची असते. इतरांस दूर थांबवून मोठ्या माणसांस सांगावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.

त्या शाळेतील गुरुजींनी दुसऱ्या दिवशी हा पाठ पुन्हा घेतला. काठी आणणाऱ्या मुलासच त्यांनी फळ्याजवळ बोलाविले आणि त्याच्याकडूनच ‘ओली काठी’ हे शब्द पुसवून शिडीच्या मधल्या पायरीवर लिहवून घेतले. पावसाळ्यापूर्वी आपणही आपल्या वर्गात हा पाठ एकदा अवश्य घ्यावा, ही विनंती.