वेळासच्या वाळूतले गणित

बारावीच्या जीवशास्त्रात हमखास येणारा एक प्रश्न आहे. एका जोडप्याला तीन मुली आहेत. चौथा मुलगा होण्याची शक्यता किती? आपल्याकडे घरोघर याची जी उत्तरे ऐकू येतात, ती पेपरात लिहिण्यासारखी नसतात. खरे उत्तर आहे निम्मी. आई दर वेळी एक्सच देते, वडील एक्स किंवा वाय. आणि आधीच्या बाळंतपणांची आठवण गुणसूत्रांना राहत नाही. सुनेला बोल लावणाऱ्यांनी एकदा कागदावर हा चौकोन मांडून पाहावा.

आता हाच प्रश्न आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, वेळासच्या किनाऱ्यावर नेऊ. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री तिथल्या वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही अंडी राखायला सुरुवात केली. त्यातून नर किती, माद्या किती?

चौकोन मांडून 'निम्मे-निम्मे' लिहाल तर गुण गेले! या कासवांत लिंग ठरवणारी एक्स-वायची जोडीच नसते. ते ठरवते वाळूची ऊब. तीस अंशांच्या आसपास एक सीमा आहे. तिच्याखाली नर जास्त, वर माद्या जास्त.

पण ऊब कधीची? इथे भली भली मुले फसतात. समजा, एक घरटे 51 दिवस उबले. पहिले 17 दिवस 32 अंश, मधले 17 दिवस 28, शेवटचे 17 दिवस 33. सीमा 30 धरा. सरासरी येते 31, म्हणून 'माद्या' लिहून मुले मोकळी होतात. बरोबर उत्तर मात्र 'बहुतेक नर'. कारण निर्णय मधल्या तिसऱ्या हिश्शात होतो. तोपर्यंत गर्भातली जननग्रंथी दोन्ही वाटांना जाऊ शकते. एकदा वाट धरली की पुढच्या उन्हाने ती बदलत नाही. आनुवंशिकतेचा धडा संपला तिथे गर्भविकासाचा सुरू झाला, तो असा.

आणि त्याला लागूनच पर्यावरणाचा. कुत्री-कोल्ह्यांपासून वाचवायला अंडी कुंपणाच्या आत हलवावी लागतात. मग खड्डा किती खोल, सावली किती, यावर पिल्लांची जात ठरू लागते. जग तापते आहे ते वेगळेच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची तपासणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. वयात न आलेल्यांपैकी 99 टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. एक नर अनेक माद्यांना पुरतो, हे खरे. पण नरच उरले नाहीत तर?

तेव्हा सरावाला एक प्रश्न देतो. कुंपणातली अर्धी घरटी झावळ्यांच्या सावलीत, अर्धी उघड्या उन्हात. पिल्लांत काय फरक पडेल? उत्तर लिहा, पण वेळासला जाऊन पडताळू नका. वाळूतून वर आलेले पिल्लू नर की मादी, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. नराची लांब शेपूट दिसायला ते वयात यावे लागते, आणि त्याला दहाएक वर्षे तरी जातात.